गोष्टीला प्रश्न विचारण्याची कला

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, इंदापूर मुक्कामी, दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पारितोषिक वितरण आटोपले आहे, पलीकडच्या मांडवात पाने मांडली जात आहेत, आणि अशा वेळी एक निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला आहे. ह्याहून अवघड वेळ कोणत्याही वक्त्यावर येऊ नये. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि खडू-फळ्याच्या संगतीत आयुष्य घालविले. तथापि, 'वाङ्मय आणि चित्रपट कसे वाचावे, कसे पाहावे, ह्यावर मुलांना चार शब्द सांगा', अशी चिटणीसांनी आज्ञा केली, आणि ती मी आनंदाने स्वीकारली. त्या आनंदामागे एक कारण आहे, आणि ते कारण म्हणजे माझ्या हातून घडलेल्या दोन चुका होत. त्या आज आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत. एक प्रारंभी सांगतो, दुसरी पुढे ओघाने येईल.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका बैठकीत एका चित्रपटाच्या निषेधाचा ठराव मांडला गेला. त्यात मेंढपाळाचे पात्र बावळट दाखविले आहे, लोक त्याला हसतात, आणि त्यामुळे साऱ्या धनगर समाजाचा अपमान झाला आहे, असे ठरावात म्हटले होते. तरुणांची भाषणे आवेशाने झाली. ठराव एकमताने संमत झाला. खाली ज्यांनी सह्या केल्या त्यांत माझीही सही होती. पुढे दोनएक महिन्यांनी, कर्मधर्मसंयोगाने, तो चित्रपट माझ्या पाहण्यात आला. ज्या मनुष्यास मी बावळट समजून चुकलो होतो, तो त्या सगळ्या कथेत एकटाच खरे बोलणारा होता. त्याला हसणारी माणसे प्रत्येक प्रसंगागणिक उघडी पडत होती. लेखकाने आपला मान राखला होता, आणि आपण त्याच्याच निषेधाचा कागद धाडून बसलो होतो. त्या बैठकीत जमलेल्यांपैकी किती जणांनी तो चित्रपट पाहिला होता, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मलाही तो सुचला नाही. म्हणून आज प्रश्नांविषयीच बोलावयाचे मी ठरविले आहे.

पहिला भेद ध्यानात घ्यावयाचा तो असा, की गोष्टीत काय घडते हे एक, आणि ती गोष्ट कशाविषयी आहे हे दुसरे. मुलास विचारावे, 'काय वाचलेस?' तर तो घडलेले सांगू लागतो: मग हा तिकडे गेला, मग त्याने असे केले. ते कथानक. परंतु त्या साऱ्या घडामोडींतून लेखकाला जे म्हणावयाचे असते, तो त्या कृतीचा आशय. हा भेद इंग्रजी शाळांनी आपल्याला शिकविला असे कोणी समजू नये. नारदीय कीर्तनाचे दोन भाग आपण लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वरंगात बुवा एखादे तत्त्व घेऊन त्याचे निरूपण करतात, आणि उत्तररंगात त्या तत्त्वास साजेसे आख्यान लावतात. आशय आधी, कथानक मागून. आणि दोहोंचा सांधा जुळला की नाही, हे मागच्या रांगेतली निरक्षर म्हातारीसुद्धा जाणत असे. ज्या कीर्तनकारांच्या तोंडी मोरोपंतांच्या आर्या असत, ते मोरोपंत तर आपल्या बारामतीचेच. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेला हा कवी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहिला, पुराण सांगत राहिला, आणि १७९४ साली येथेच निवर्तला. रामायणाची एकच कथा त्याने शंभरांहून अधिक वेळा, निरनिराळ्या रचनाबंधांत सांगितली, अशी त्याची ख्याती आहे. कथानक तेच असताना पुन्हा पुन्हा सांगावेसे का वाटते, ह्याचा विचार केला म्हणजे कथानकापलीकडे गोष्टीत काहीतरी असते, हे मुलांच्याही ध्यानात येईल.

आणि पुराणिकांकडेच कशाला जावयाचे? आपल्या वाड्यावर, ढोलाच्या तालावर, बिरोबाच्या यात्रेत रात्रभर ज्या ओव्या चालतात, त्यांची रीत आठवा. आधी सुंबरान मांडावयाचे, देवांचे स्मरण करावयाचे, मग ओवी गावयाची. गाणे थांबले की सांगणारा तोच भाग साध्या बोलीत उलगडून सांगतो. ह्या ओव्यांचे मोल जाणून जर्मनीचे पंडित गुंथर सोन्थायमर ह्यांनी मेंढपाळांच्या देवांवर १९७६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी ते वर्षानुवर्षे आपल्या माळरानांवरून हिंडले. परदेशचा मनुष्य येऊन आपल्या ओव्यांना प्रश्न विचारतो आणि आपण मात्र त्या केवळ ऐकून सोडून देतो, ही गोष्ट मला विचार करावयास लावते.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्या बहुतेक घरांत २०१४ ते २०१७ ह्या काळात 'जय मल्हार' ही दूरचित्रवाणी मालिका नित्यनेमाने पाहिली जात असे. त्या वेळी घरोघर एकच वाद चाले: म्हाळसा बरोबर की बाणाई बरोबर? आमच्या घरीही तो होई. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, आणि जेवणे थंड होत. परंतु हा वाद कथानकाचा होता. आशयाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो असा: देवाला बाणाई हवी होती, तर त्याने तिच्या घरी चाकरी का पत्करली? आपल्या लोककथेत जेजुरीचा राणा वेष पालटून धनगरवाड्यात येतो आणि मेंढरे राखतो. त्याला आपले देवपण दाखवून मुलगी सहज मागता आली असती. पण कथा तसे होऊ देत नाही. वाड्यात शिरावयाचे तर वाड्याचे काम करून शिरावे, असे ती कथा म्हणते. श्रमाशिवाय आपलेपणा मिळत नाही, मग मागणारा देव का असेना, हा त्या कथेचा एक आशय होय.

पण येथे थांबू नका. जेजुरीचा गड चढताना एक गोष्ट पाहा. म्हाळसा वर, गाभाऱ्यात देवाशेजारी आहे. बाणाईचे देऊळ मात्र गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. लक्षावधी माणसे त्या पायऱ्या चढली, भंडारा उधळला आणि उतरली. पण किती जणांनी मनाशी विचारले असेल, की आमची बाणाई अर्ध्या वाटेवर का? मी उत्तर देत नाही. कोणी म्हणेल, दोन सवतींचे भांडण टाळण्यासाठी. कोणी म्हणेल, ती रानाची, म्हणून तिला रानाजवळ जागा. कोणी म्हणेल, देवाघरीही उच्चनीच चुकले नाही. तिन्ही उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. प्रश्न विचारल्याने कथा लहान होत नाही, ती अधिक खोल होते. आपल्या तालुक्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते. ते मंदिर पाण्याखालीही तेथेच असते. आशयाचेही तसेच आहे. प्रश्न विचारला म्हणजे पाणी उतरते, इतकेच.

आशयानंतर पात्रे. पात्राचे 'स्वभावचित्र' लिहावयास सांगितले की आमची मुले विशेषणांची माळ ओवतात: प्रामाणिक, कष्टाळू, मायाळू, स्वाभिमानी. ही माळ कोणत्याही पात्राच्या गळ्यात शोभते, म्हणूनच ती निरुपयोगी. त्याऐवजी मी दोन प्रश्न सुचवितो. ह्या माणसाला काय हवे आहे? आणि त्याच्या आड काय येते? भाऊराव कऱ्हाडे ह्यांचा 'ख्वाडा' हा चित्रपट २०१५ साली आला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, कारण त्यात मेंढरांमागे भटकणारे धनगर कुटुंब आहे. 'ख्वाडा' म्हणजेच अडथळा. चित्रपटाने आपले नावच दुसऱ्या प्रश्नावरून घेतले आहे. त्यातील तरुण बाळूला काय हवे आहे? लग्न हवे आहे, एका जागी मांडलेला संसार हवा आहे. ज्याला जन्मापासून घर आहे त्याला ही इच्छा फार लहान वाटेल. पण ज्याचे बिऱ्हाड घोड्यावर आहे त्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी. आड कोण येते? वाटेवरचे गाव, गावातली सत्ता, कोर्टकचेरी, आणि ज्या भूमीवर पाय ठेवावा ती दुसऱ्याची असणे. हे दोन प्रश्न विचारताच बाळू कोण आहे हे कळते. एकही विशेषण लागत नाही.

भीमेपलीकडे करमाळा तालुका आहे. तेथल्या जेऊरच्या नागराज मंजुळे ह्यांनी २०१३ साली 'फँड्री' काढला. त्यात कैकाडी समाजातील जब्या नावाचा शाळकरी मुलगा आहे. त्याला काळी चिमणी हवी आहे, कारण तिच्या योगाने आपल्या मनातली मुलगी आपली होईल अशी त्याची भाबडी समजूत आहे. आणि त्याच्या घरच्यांना गावातली डुकरे पकडावी लागतात, साऱ्या गावादेखत, त्याच्या वर्गमित्रांदेखत. शेवटी तो चिडून दगड भिरकावतो आणि तो दगड जणू पडद्यातून थेट आपल्याकडे येतो. आता प्रश्न विचारा: तो दगड कोणासाठी आहे? मी हा चित्रपट नातवंडांसह पाहिला. धाकटी नात म्हणाली, 'आजोबा, तो आपल्याला का मारतो? आपण तर त्याच्या बाजूचे ना?' मी तिला विचारले, 'कशावरून?' ती गप्प झाली. पुढे म्हणाली, 'जत्रेत त्याला हसणारी माणसे होती. त्यांत आपल्यासारखे कपडे घातलेलीही होती.' मंडळी, हे उत्तर मला कोणत्याही समीक्षाग्रंथात मिळाले नसते. चित्रपटात आपल्या ज्ञातीचा माणूस कसा दाखविला आहे, हे आपण लगेच पाहतो. पण दुसऱ्याच्या अपमानाच्या गर्दीत आपण कोठे उभे आहोत, हे आपण पाहत नाही. पात्रांविषयीचे प्रश्न प्रामाणिकपणे विचारले तर ते असे उलटून आपल्याकडे येतात.

तिसरा प्रश्न बदलाचा. आरंभी हे पात्र जेथे होते, तेथून शेवटी ते कोठे पोहोचले, आणि त्या वाटेत त्याने कोणता निर्णय स्वतः घेतला? येथे मी कल्पित कथेऐवजी आपल्या सर्वांच्या वंदनीय देवी अहल्याबाईंचेच चरित्र घेतो. त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी २०२५ साली साजरी झाली. त्यांचे सासरे मल्हारराव हे मूळचे आपल्याच बारामती तालुक्यातील नीराकाठच्या होळ गावचे, आणि त्या गावावरूनच होळकर हे आडनाव आले. खुद्द मोरोपंतांनी अहल्याबाईंच्या स्तुतीच्या आर्या रचल्या. इतका आपल्या तालुक्याचा त्यांच्याशी ऋणानुबंध. परंतु आपल्या स्मरणिकांत त्यांच्यावर जे लेख येतात, (माझेही दोन येऊन गेले,) ते बहुधा स्तुतीचे असतात. घाट बांधले, विहिरी खोदल्या, देवळे उभारली. सारे खरे. पण हे त्यांचे कार्य झाले, स्वभाव नव्हे.

प्रश्न विचारून पाहा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहल्याबाई सती जावयास निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. तेथे निर्णय कोणाचा? सासऱ्याच्या विनवणीचा खरा, पण ती मान्य करून जगावयाचा निर्णय त्यांचा स्वतःचा. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी पुत्र मालेराव गेला, आणि मग महेश्वरी राहून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालविले. आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले तेव्हा त्यांची एकुलती एक कन्या मुक्ताबाई सती गेली. जी स्त्री स्वतः चितेपासून मागे फिरून एका राज्याचा आधार झाली, तिला आपल्या लेकीला मागे फिरविता आले नाही. हा प्रसंग आपल्या लेखांत सहसा येत नाही. आपल्याला वाटते, त्याने देवीच्या गौरवास उणेपणा येईल. मला उलटे वाटते. तो प्रसंग वगळला तर उरते ती देव्हाऱ्यातील मूर्ती, तो ठेवला म्हणजे त्या मूर्तीतून एक आई बाहेर येते. त्या दुःखानंतरही त्यांचा कारभार चालूच राहिला. त्यांचा थोरपणा घाटांच्या दगडांत आहे, तितकाच त्या न सांगितलेल्या दुःखातही आहे. पूजा करणाऱ्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही, असे मी मानीत नाही. प्रश्न विचारणारा मनुष्य अधिक जवळ जाऊन पूजा करतो.

आता माझी दुसरी चूक. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. पुढे १९९५ साली अमोल पालेकरांनी तिचा चित्रपट केला. लेखक आपल्या ज्ञातीचे नव्हते, परंतु माणदेशच्या धनगरवाडीचे असे चित्र आपल्यातल्याही कोणी काढलेले नाही. एक तरुण मास्तर औंध संस्थानातील एका वाडीवर शाळेत रुजू होतो. मुले मेंढरांमागे, शाळा ओस. वाडीचा वृद्ध कारभारी त्याला आधार देतो. हळूहळू मुले येऊ लागतात, गाव स्वतःच्या श्रमाने तालीम उभारते, राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस दगा देतो. माणसे मेंढरे घेऊन जगावयास निघून जातात, वाडी रिकामी होते, आणि शेवटी मास्तरही निघतो.

मी स्वतः मास्तर. हे पुस्तक मी वर्गात वाचून दाखवीत असे आणि नंतर प्रश्न घालीत असे: 'ह्या कादंबरीचा नायक कोण?' उत्तर ठरलेले: मास्तर. सगळ्या वहीत तेच येई, कारण मीच ते फळ्यावर लिहून देत असे. एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, मेंढपाळाचा. दिवाळी झाली की त्याचे आईबाप कळप घेऊन घाट उतरून कोकणात जात आणि पावसाच्या तोंडाला परत येत. त्यामुळे शाळेत त्याची हजेरी निम्मीच लागे. त्याने उत्तर लिहिले: 'ह्या गोष्टीतला मुख्य माणूस पाऊस आहे.' खाली एकच ओळ होती. पाऊस होता तोवर शाळा भरली, पाऊस गेला आणि शाळा सुटली, अशा अर्थाची. मी त्यावर तांबड्या शाईने फुली मारली आणि वर्गात वाचून दाखविले. मुले हसली. 'पाऊस माणूस असतो काय रे?' असे मीच म्हणालो. पुढच्या दिवाळीनंतर तो कळपाबरोबर गेला, तो शाळेत परतला नाही. त्याचे एवढेच कारण असेल असे मी म्हणत नाही. मेंढपाळाच्या मुलाची शाळा सुटावयास कारणे पुष्कळ असतात. पण त्या कारणांत माझी एक तांबडी फुली असावी, ही टोचणी माझ्या मनातून गेलेली नाही.

मी निवृत्त झाल्यावर ते पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले, आणि ह्या वेळी फळ्यावर उत्तर न लिहिता वाचले. तेव्हा कळले की ते पोर बरोबर होते, निदान माझ्याइतके तरी बरोबर होते. मास्तर ही गोष्ट सांगतो, म्हणून तो नायक ठरत नाही. सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगितले आहे तो, हे दोन निराळे असू शकतात. मास्तर काढून टाका, दुसरा मास्तर येईल आणि गोष्ट चालू राहील. पाऊस काढून टाकला की गोष्ट संपते, आणि पुस्तकात नेमके तसेच घडते. त्या कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराचे नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' असे आहे, म्हणजे ज्या गावाला कूस नव्हती असे गाव. कूस नसलेल्या गावात येणे सोपे, तसेच तेथून उधळून जाणेही सोपे. त्या मुलाला हे कळले, कारण तो स्वतः त्याच गावाचा होता. बारामतीच्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून वाहते. त्या बागायती पट्ट्यातील घरात दुष्काळ ही आता आजोबांनी सांगावयाची गोष्ट आहे. पण वरच्या जिरायती गावांत तोच दुष्काळ दाराशी उभा असतो. एकच पुस्तक कालव्याच्या खाली एक अर्थ सांगते आणि कालव्याच्या वर दुसरा. म्हणून वाचणाऱ्याने आपण कोठे बसून वाचत आहोत, हेही स्वतःला विचारावे. मी मास्तराच्या खुर्चीत बसून वाचले, म्हणून मला मास्तर नायक वाटला.

कोणी म्हणेल, मग काय, ज्याला जे वाटेल ते उत्तर बरोबर? तसे मुळीच नव्हे. येथेच शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो, तो एकाच शब्दाचा: कशावरून? पंचायतीत कोणी आरोप केला तर म्हातारे पंच हाच शब्द उच्चारीत. तोच न्याय पुस्तकासही लावावा. नायक पाऊस, कशावरून? ह्या ह्या प्रसंगावरून. बाळूला घर हवे आहे, कशावरून? त्याच्या ह्या कृतीवरून. ज्या उत्तराला पुस्तकातून साक्ष मिळते ते उत्तर टिकते, मग ते गुरुजींच्या उत्तराहून निराळे का असेना. ज्याला साक्ष मिळत नाही ते गुरुजींचे असले तरी पडते. त्या मुलाने साक्ष दिली होती. मी ती वाचलीच नाही.

आता प्रारंभीच्या ठरावाकडे येतो. निषेध कधी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्या समाजाचे खोटे, हिणकस चित्र काढणारे लेखन असते, आणि त्यास उत्तर दिलेच पाहिजे. परंतु कागदावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. एक: आपण ती कृती संपूर्ण वाचली अथवा पाहिली आहे काय? दोन: पात्रास नावे ठेवणारा कोण आहे, लेखक की त्याच कथेतील दुसरे एखादे पात्र? कथेतील दुष्ट माणूस आपल्याला शिवी देतो, तेव्हा ती लेखकाची शिवी नसते, पुष्कळदा ती त्या दुष्टाच्या नावावर लिहिलेली साक्ष असते. तीन: कथा संपताना आपली सहानुभूती कोणाकडे जाते? आणि चार: आपण जे म्हणतो ते कशावरून? ह्या चार प्रश्नांनंतरही राग उरला तर तो राग खरा, आणि तशा निषेधावर माझी सही सर्वांत वर असेल. प्रश्नांआधी आलेला राग मात्र बहुधा दुसऱ्या कोणीतरी आपल्या हाती दिलेला असतो. आता तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा येतो, मागचेपुढचे काही नसते, आणि तेवढ्यावरून गावेच्या गावे पेटतात. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला ना आशय असतो ना पात्र. त्याला फक्त चिथावणी असते. अशा वेळी 'बाकीचे कोठे आहे?' असे विचारणारे एक पोर घरात असले, तरी घर वाचेल.

मुलांनो, परीक्षेत गाइडातले उत्तर लिहून गुण मिळतील, हे मी नाकारीत नाही. गुण मिळवा. परंतु वहीच्या शेवटच्या पानावर आपले स्वतःचे उत्तर, साक्षीसह, लिहून ठेवा. आणि माझ्या शिक्षकबंधूंना विनंती, की ते शेवटचे पान कधीतरी मागून घेऊन वाचा.

माताभगिनींनो, आपणास एक मागणे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील सर्वांनी एकच गोष्ट ऐकावी, वाचावी किंवा पाहावी. आजीने बिरोबाची कथा सांगितली तरी चालेल. मग जेवताना एकमेकांस विचारावे: ही कशाविषयी होती? कोणाला काय हवे होते? कोण बदलले? आणि कशावरून? चूक-बरोबर ठरविण्याची घाई करू नये. लहानाचे उत्तर मोठ्याने आधी ऐकावे. आणि कळपामागे गेलेल्या घरांतील जी मुले आपल्या वसतिगृहात आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक सभासद कुटुंबाने यंदा एक एक पुस्तक द्यावे. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर देणाराने आपल्या नावाखाली त्या पुस्तकाविषयीचा एक प्रश्न लिहावा, उत्तर लिहू नये. एवढे झाले तर माझ्या त्या तांबड्या फुलीचे थोडेसे प्रायश्चित्त झाले, असे मी समजेन.

 पाने वाढून झाली आहेत असे दिसते. आणि भुकेल्या श्रोत्यांसमोर किती वेळ बोलावे, ह्या प्रश्नास साक्षीची गरज नाही. जय मल्हार!